पुणें प्रांतांतील रोजगार व बेकारी (इ. स. १८१७ ते १८८५)

पेशव्यांचें राज्य गेलें म्हणजे नक्की काय झालें, या प्रश्नाचें उत्तर आमच्या इतिहासग्रंथांत लढाया, तहनामे व नेमणुका यांच्या भाषेंत दिलेलें असतें. खडकीची लढाई ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं झाली; त्याच महिन्याच्या १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें; ता. ३ जून १८१८ रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षास ८ लक्ष रुपयांची नेमणूक घेऊन ब्रह्मावर्तास गेला. या तारखा शाळकरी मुलासहि पाठ असतात. परंतु या सात महिन्यांत ज्यांची चाकरी गेली, त्या माणसांनीं पुढें पोट कसें भरलें, हा प्रश्न विचारण्याची चाल अद्यापि आमच्यांत फारशी पडलेली नाहीं. प्रस्तुत लेखांत पुण्याच्या एका जिल्ह्यापुरता तो प्रश्न आम्ही घेत आहों. हा जिल्हा घेण्याचें कारण उघड आहे. राजधानीचें शहर, पश्चिमेचें मावळ, उत्तरेकडील जुन्नरसारखी जुनी उद्यमाची पेठ आणि पूर्वेकडील भीमथडी-इंदापूरचा अवर्षणी मुलूख अशीं चार प्रकारचीं क्षेत्रें येथें एकाच कलेक्टराच्या हाताखालीं आलीं. त्यामुळें एका ठिकाणीं काम आटलें तर दुसऱ्या ठिकाणीं तें वाढलें कीं नाहीं, हें ताडून पाहतां येतें.

आरंभींच एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आज ज्यास बेकारी म्हणतात, त्या नांवाचा रकाना पेशवे दफ्तरांत मिळणार नाहीं. तेथें सरदार, शिलेदार, बारगीर, एकांडे, गडकरी, कारकून, शागीर्दपेशा अशी माणसांची वांटणी असते व प्रत्येकापुढें वेतन, रोजमुरा किंवा तैनात लिहिलेली असते. ज्याचें नांव हजिरींतून गळालें, तो दफ्तरांतूनहि गळाला. म्हणजे बेकार मनुष्य या कागदांत आपल्या अभावानेंच दिसतो. इंग्रजी अमदानीचे अहवाल दुसऱ्या टोंकाचे आहेत. ज्यांची चाकरी गेली त्यांच्याकडे ते लक्ष देतात, पण मुख्यतः त्यांच्यापासून दंगा होईल काय या दृष्टीनें. एल्फिन्स्टनचा ता. २५ ऑक्टोबर १८१९ चा प्रसिद्ध अहवाल व त्यानंतर चॅप्लिननें १८२२ त लिहिलेला अहवाल वाचतांना हें ध्यानांत ठेवावें लागतें. सेनेंतून सुटलेला स्वार गांवीं जाऊन नांगर धरतो तोंपर्यंत त्या अहवालांस तो दिसत नाहीं. त्यानें वाट मारली कीं दिसूं लागतो.

पेशवाईच्या अखेरीस पुण्यांतील सर्वांत मोठा धनी म्हणजे सरकार. पागा, पीलखाना, उष्ट्रखाना, तोफखाना, दारूखाना, शिलेखाना, फरासखाना, जामदारखाना, मुदपाकखाना इत्यादि कारखान्यांत जीं माणसें लागत, त्यांत मोतद्दारापासून आचाऱ्यापर्यंत सर्व जातींचे लोक असत. या कारखान्यांच्या भोंवतीं दुसरें एक वर्तुळ होतें. जीनगर, शिकलगार, शिंपी, सोनार, जवाहिरे, अत्तार, कासार, तांबट हे कोणाच्या हजिरींत नसत. पण दरबार व सरदारांचे वाडे हेंच त्यांचें गिऱ्हाईक. तिसरें वर्तुळ विद्या व धर्म यांवर जगणाऱ्यांचें होतें. श्रावणमासच्या दक्षिणेवर वर्षाचा कांहीं भाग काढणारे ब्राह्मण दूरदूरहून पुण्यास येत.

मात्र १८१७ सालीं हा सारा डोलारा अभंग होता व एका दिवसांत कोसळला असें जें सामान्यतः समजलें जातें, तें आम्हांस मान्य नाहीं. ता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं होळकरानें पुण्याजवळ जय मिळविला. पुढें शहराची लूट झाली. त्यावर १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. वसईच्या तहानें इंग्रजांची तैनाती फौज पदरीं आली. ज्याचें रक्षण परकी पलटणी करितात, त्यास स्वतःचे शिलेदार बाळगण्याची निकड राहत नाहीं. बाजीरावानें जुन्या सरदारांचा जमाव कमी होऊं दिला आणि कॅप्टन फोर्डच्या हाताखालीं कवायती पलटण दापोडीस उभी केली. हीच पलटण खडकीच्या दिवशीं इंग्रजांस जाऊन मिळाली. मामलती मक्त्यानें देण्याची चाल या काळांत बळावल्यामुळें जुन्या वहिवाटदार कारकुनांचा वर्गहि अगोदरच अस्थिर झालेला होता. तात्पर्य, स्वाराची बेकारी ही इंग्रजी राज्यापेक्षां सुमारें पंधरा वर्षांनीं वडील आहे. पेंढाऱ्यांच्या टोळ्या कोणत्या माणसांनीं फुगल्या, याचा विचार करतांनाहि ही गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं.

१८१८ सालच्या पूर्वार्धांत किल्ले पडले. सिंहगड व पुरंदर मार्चांत गेले, शिवनेर मेमध्यें. सिंहगडच्या शिबंदीचा आंकडा गॅझेटियरनें ११०० दिला आहे. त्यांत ७०० गोसावी व ४०० अरब होते. हा आंकडा लक्षांत घेण्याजोगा आहे. किल्ल्यावरचा लढाऊ भाडोत्री मनुष्य बहुतेक परप्रांतीय. त्याची चाकरी गेली तर तो प्रांत सोडून जातो किंवा घालवून दिला जातो, व जिल्ह्यावर त्याचा भार पडत नाहीं. शिलेदाराचीहि स्थिति बरीच तशीच होती. तो दसऱ्यास बाहेर पडणारा आणि पावसाळ्यास घरीं परतणारा. घोडा त्याचा स्वतःचा, घरीं जमीन, भाऊबंद शेतावर. त्याचें उत्पन्न बुडालें व मान गेला, पण त्याचें घर उपाशीं पडलें असें सरसकट म्हणतां येत नाहीं. खरा पेंच ज्यांना जमीनहि नव्हती व दुसरा मुलूखहि नव्हता, त्यांचा होता.

या वर्गांत पहिलें नांव पुरंदरच्या रामोशांचें. किल्ल्याच्या घेऱ्यांत राहून पहारा करणें, वाटा राखणें व त्याबद्दल ठराविक हक्क घेणें ही त्यांची वंशपरंपरागत वृत्ति. ती बाजीरावाच्या कारकीर्दींतच डळमळली होती. इंग्रजी अमलांत किल्ल्यांस शिबंदीच नको म्हटल्यावर तिचें मूळच तुटलें. ता. ११ फेब्रुवारी १८१८ च्या सातारच्या जाहीरनाम्यांत वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानें चालविण्याचें अभिवचन होतें. परंतु पहाऱ्याचें काम म्हणजे वतन कीं चाकरी, हा वाद त्या अभिवचनानें मिटत नव्हता. ज्याच्याजवळ सनद होती त्याचें चाललें. ज्याचा हक्क केवळ वहिवाटीवर उभा होता, त्यास नव्या कचेरींत दाखविण्यास कागद नव्हता. १८२६ च्या सुमारास सत्तू नाईक व भिवडीचा उमाजी नाईक यांनीं उचल केली. यापुढील हकीकत सर्वविश्रुत आहे. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, सरकारनें योजलेले दोन उपाय परस्परविरुद्ध होते आणि त्यांतील एक चाकरीचा होता. मध्यंतरीं उमाजीस माफी देऊन सरकारी नोकरींत घेण्यांत आलें. तें फिसकटल्यावर पुन्हां पाठलाग झाला व ता. ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं त्यास पुण्यास फांशी दिलें. कॅप्टन मॅकिंटॉशनें लगेच रामोशांचा वृत्तांत लिहून ठेवला, तो आजहि उपयोगी आहे. या बंडास कोणी स्वातंत्र्याचें, कोणी लुटारूपणाचें नांव देतात. त्या वादांत न शिरतां आम्ही इतकेंच म्हणतों कीं, पहारेकऱ्याचा पहारा काढून घेतल्यावर त्याला दुसरें काय देणार, या प्रश्नाचें उत्तर पुण्याच्या कचेरीजवळ त्या वेळीं नव्हतें.

कारकुनांची गोष्ट निराळी. नव्या राज्यास लेखणीची गरज तरवारीपेक्षां अधिक होती. मामलेदार पगारी झाले, त्यांच्या हाताखालीं कारकून नेमले गेले, आणि जुनें हुजूर दफ्तर लावण्याचें काम कॅप्टन मॅक्लाउडकडे सोंपविलें, तेव्हां तें दफ्तर ज्यांना कळत होतें अशा जुन्याच माणसांचें साहाय्य घ्यावें लागलें. आज ज्या रुमालांवर आम्ही संशोधकपणा मिरवितों, ते टिकले याचें थोडेंबहुत श्रेय या पोटार्थी मंडळीसहि द्यावयास हवें. तथापि जागा थोड्या व उमेदवार फार. दक्षिणेची रक्कम कमी होत ५० हजारांवर आली, तिच्यांतूनच ता. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. नेमणुकीवर जगणाऱ्या विद्वानाचें परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांत रूपांतर होण्याची सुरुवात येथून झाली.

शहराकडून खेड्यांकडे वळलें कीं चित्र बदलतें. १८२० नंतर धान्याचे भाव उतरत गेले. रोकड सारा तोच, पण तो भरण्यास दुप्पट धान्य विकावें लागे, अशी कुणब्याची अवस्था झाली. त्यांत प्रिंगलसाहेबानें १८२७ ते १८३० च्या दरम्यान केलेली मोजणी व आकारणी इंदापूर बाजूस सपशेल फसली. शेतें पडीत पडलीं व रयत निजामाच्या मुलखांत उठून गेली. १८३६ त गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरास नवी आकारणी हलक्या दरानें बांधली, तेव्हां पडीत जमीन पुन्हां लागवडीस येऊं लागली. शहरांतून सुटलेल्या हातांस शेतींत जागा मिळाली असें म्हणणाऱ्यांनीं हीं मधलीं पंधरासोळा वर्षें विसरूं नयेत. दरबार गेला त्याच वेळीं शेतहि पिकून पोसत नव्हतें. दोन्ही दारें एकदम बंद होणें, हेंच या काळाचें खरें दुःख होय.

त्यानंतर रस्ते. बोरघाटाचा रस्ता १८३० च्या नोव्हेंबरांत माल्कमच्या हस्तें खुला झाला. तोंवर मालाची ने-आण बैलाच्या पाठीवरून होई व ती लमाण-वंजाऱ्यांच्या हातीं होती. रस्ता होतांच गाडी आली. देशी जड गाड्यांच्या ऐवजीं हलक्या व स्वस्त गाड्या बनविण्याचा उद्योग गेसफर्ड नांवाच्या अधिकाऱ्यानें इंदापुरापलीकडे टेंभुर्णीस काढला. सुतार-लोहारांस काम मिळालें, कुणब्यास उन्हाळ्यांत भाडें मिळूं लागलें, आणि लमाणाचा तांडा मात्र रस्त्यावरून नाहींसा होऊं लागला. पुढें आगगाडीनें याच गाडीवाल्याचें लांबचें भाडें खाल्लें, ही त्या धंद्याची दुसरी पिढी.

आगगाडीच्या कामानें या जिल्ह्यानें पूर्वीं कधीं न पाहिलेली मजुरी पाहिली. खंडाळा ते पुणें हा रस्ता ता. १४ जून १८५८ रोजीं सुरू झाला. घाटाची चढण मात्र ता. २१ एप्रिल १८६३ पर्यंत चालली. सुमारें १५ मैलांत १८३१ फूट चढ, २५ बोगदे व ८ मोठे पूल. काम भरांत असतां एका वेळीं ४० हजारांहून अधिक माणसें घाटांत राबत होतीं. गनीमी काव्याच्या मोठ्या मोहिमांतसुद्धां एवढा जमाव एका खिंडींत क्वचितच गोळा झाला असेल! पहिला मक्तेदार फॅव्हिएल याच्या वेळीं मजुरीच्या देण्यावरून १८५९ च्या जानेवारींत मजुरांनीं दंगा केला. त्याच्या मागून आलेला ट्रेडवेल त्याच वर्षीं येथें पोंचल्यावर थोड्याच दिवसांत वारला व त्याच्या विधवा पत्नीनें, ॲलिस ट्रेडवेल हिनें, मक्ता पुढें चालविला. घाटांतील मजुरांच्या नांवांची यादी जर कोठें कोणा मुकादमाच्या घरीं सांपडली, तर आमच्या मतें ती एखाद्या तहनाम्याच्या नकलेपेक्षां मोलाची ठरेल.

घाटाचें काम संपत आलें तोंच अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा भाव चढला. १८६१ ते १८६५ या वर्षांत मजुरी चढली, पैसा सुटला, सावकारानें पत वाढविली. शहरांत व छावणींत इमारतींची एकच धांदल उडाली: गणेशखिंडींतील गव्हर्नराचा वाडा, येरवड्याचें डेक्कन कॉलेज, ससून रुग्णालय. गवंडी, पाथरवट, बेलदार, वडार यांस हे दिवस चांगले गेले. १८६९ त खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना निघाला व खडकवासल्याच्या धरणाचें काम लागलें. १८६५ त कापसाचा फुगा फुटला होता. तरी सरकारी बांधकामांनीं पांचसहा वर्षें त्याची झळ झांकून ठेवली. १८७० नंतर हीं कामें आटोपत गेलीं, भाव उतरले, आणि त्याच सुमारास फेरमोजणीनें सारा वाढलेला होता. मजुरी थांबली पण रोखा थांबला नाहीं. ता. १२ मे १८७५ रोजीं भीमथडींतील सुप्याच्या बाजारीं दंगा उठला व इंदापूर, पुरंदर, शिरूर आणि नगर जिल्ह्याच्या कांहीं भागांत पसरला. दंगेखोरांनीं सावकारांकडून मागितले ते दागिने किंवा धान्य नव्हे, मुख्यतः रोखे व खतें; आणि मिळतील तेथें तीं जाळलीं. कागदाचा नाश ऐकून संग्राहकाच्या पोटांत कालवावें हें स्वाभाविक आहे. परंतु कागदाचें सामर्थ्य या अडाणी म्हटलेल्या कुणब्यांनीं आमच्यापेक्षां अधिक जाणलें होतें, हेंहि मान्य करावें लागेल.

पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ. पूर्वेकडील तालुक्यांत शेतमजुरी साफ बसली, व ज्याच्याजवळ कांहीं नाहीं त्यास सरकारी काम हाच आधार उरला. निरेच्या डाव्या कालव्याचें काम याच वेळीं दुष्काळी काम म्हणून हातीं घेतलें गेलें. तो १८८५ त वाहता झाला. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल याच्या धोरणानें मजुरी उतरवून दिवसास एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे अशी ठेवण्यांत आली, आणि गांवाजवळचीं कामें बंद करून लोकांस दूरच्या मोठ्या कामांवर जाण्यास सांगण्यांत आलें. हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. उपाशी माणसानें मिळतें तें काम टाकावें, ही गोष्ट अधिकाऱ्यांस कारस्थानाची वाटली. सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. आम्हांस यांत नवल एवढेंच वाटतें कीं, या देशांतील संपाचा इतिहास लिहिणारे मुंबईच्या गिरण्यांपासून आरंभ करितात व या खडी फोडणाऱ्यांस विसरतात. दुष्काळाच्या पाठीवर, १८७९ त, लष्करी हिशेबाच्या कचेरींतील माजी कारकून वासुदेव बळवंत फडके यांनीं माणसें जमविलीं तीं बहुतांशीं रामोशी होतीं. पुरंदरच्या घेऱ्यांतील जुना प्रश्न पन्नास वर्षांनींहि तेथेंच होता.

कारागिरांविषयीं दोन शब्द. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनीं आपल्या १९२४ च्या ग्रंथांत, दरबार नष्ट होणें हा नागर कारागिरीवरील पहिला आघात असें प्रतिपादिलें आहे. शिकलगार व जीनगर यांना तें तंतोतंत लागू पडतें. तांबटांना मात्र उलटें. परदेशी पत्रा स्वस्त झाला आणि ज्या घरांत पूर्वीं मातीचीं भांडीं होतीं तेथें तांब्यापितळेचीं आलीं. कसब्यांतील तांबट आळीचा ठोका एकोणिसाव्या शतकांत वाढला, कमी झाला नाहीं. एकाच पेठेंत एक धंदा बसतो व शेजारचा उठतो. म्हणून 'कारागीर बुडाले' हें सरसकट विधान आम्ही करूं इच्छीत नाहीं.

मात्र एक धंदा असा बुडाला कीं त्याचा पुरावा आमच्या सर्वांच्या घरीं आहे. तो कागद्यांचा. जुन्नरी कागद ही पेशवे दफ्तराची भूमि. जुन्नरास व पुण्याच्या कागदीपुऱ्यांत मुसलमान कागदी हें काम करीत. जुनीं तागाचीं पोतीं व रद्दी भिजवून, चुन्यांत मुरवून, ढेंकीखालीं कुटून लगदा करावयाचा. तो वाहत्या पाण्यांत धुवावयाचा. हौदांतून सांच्यावर उचलून ताव काढावयाचा. भिंतीवर वाळवून, खळ देऊन, गुळगुळीत दगडानें घोटावयाचा. घोटाई ही स्वतंत्र मेहनत. लेखणी अडखळूं नये म्हणून केलेली. एका तावामागें कुटणारा, धुणारा, ताव काढणारा, घोटणारा अशा अनेक हातांस काम असे. नव्या कचेऱ्यांनीं विलायती कागद घेतला. पुढें गिरणीचा आला. १८८५ त खुद्द पुण्यास डेक्कन पेपर मिल्स ही कंपनी स्थापन झाली. शिळाप्रेसावर पोथ्या निघूं लागल्यावर नकला करून पोट भरणारा लेखकहि कागद्याबरोबरच उठला. १८७२ व १८८१ च्या खानेसुमारींत धंदा कोणता हें विचारलें आहे, काम मिळतें कीं नाहीं हें विचारलेलें नाहीं. म्हणून ही उतरंड तेथें मोजतां येत नाहीं. पुण्यांतील कुटुंबांच्या रोजगाराची घरोघर पाहणी व्हावयास गोखले अर्थशास्त्र संस्थेचें १९३६-३७ चें काम उजाडावें लागलें.

परंतु आमच्या संग्रहांत ती मोजतां येईल. विलायती तावावर उजेडांत धरलें असतां जलचिन्ह दिसतें व पुष्कळदां त्यांत सालहि असतें. देशी तावावर सांच्याच्या काड्यांचे वळ दिसतात. एखाद्या गांवच्या कुळकर्ण्याच्या रुमालांत, सावकाराच्या चोपड्यांत किंवा देवस्थानच्या जमाखर्चांत जुन्नरी कागद कोणत्या वर्षापर्यंत आहे व विलायती कोणत्या वर्षापासून लागला, हें टिपून ठेवणें कठीण नाहीं. सरकारी कचेरींत हा बदल आधीं झाला असावा व वाण्याच्या दुकानांत शेवटीं, असा आमचा तर्क आहे. लाल बासनांतील चोपड्यांस जाड घोटीव कागदच पसंत असे. याद्या करतांना मिति, लेखक व मजकूर आम्ही टिपतों, कागदाची जात टिपीत नाहीं. पुणें जिल्ह्यांतील पन्नास रुमालांची अशी टांचणें एकत्र झालीं, तर कागद्यांचें काम कोणत्या दशकांत व कोणत्या तालुक्यांत आटलें हें सांगतां येईल. पुण्यास १९४० सालीं हातकागदाची संस्था निघाली, तेव्हां हा धंदा निराळ्या रूपानें पुन्हां मांडावा लागला. पाठविणारांनीं टांचणावर गांव, तालुका, पहिल्या व शेवटच्या कागदाची मिति आणि जलचिन्ह असल्यास त्याचा नमुना एवढें द्यावें.